खांद्यावरची अक्षरं, पोटरीवरची पट्टी

आजोबांचा गणवेशातला फोटो भिंतीवरून उतरवा, हार बाजूला ठेवा, पण तो काचेतून सोडवायची घाई करू नका. नागपुरात उन्हाळाभर डेझर्ट कूलर चालतो आणि त्या खोलीतली भिंत वर्षानुवर्षं ओल खाते. जुन्या फोटोच्या वरच्या थरात जिलेटिन असतं. ओल लागली की ते मऊ पडतं आणि काचेला धरून बसतं. मग मागून पुठ्ठा ओढला की कागद हातात येतो आणि चेहरा काचेवर राहतो. फ्रेम तिरपी धरून उजेडात पाहा. जिथे काचेखाली गडद, ओलसर चकाकणारा डाग दिसेल तिथे फोटो चिकटलेला आहे. अशा वेळी काचेसकटच फोटो घ्यायचा: दिवसाचा उजेड एका बाजूने, पंखा-दिवा बंद, आणि कॅमेऱ्यामागे काळं कापड, म्हणजे काचेत आपलंच प्रतिबिंब येत नाही.

सुटा फोटो असेल तर स्कॅनर बरा. किती डीपीआय, म्हणजे दर इंचाला किती ठिपके (पिक्सेल), याचा हिशोब साधा आहे. पोस्टकार्डाएवढ्या फोटोत उभा माणूस साधारण बारा सेंटीमीटर उंच दिसतो, म्हणजे प्रत्यक्षाच्या पंधराव्या हिश्श्याएवढा. चार सेंटीमीटरचा टोपीचा बिल्ला तिथे पावणेतीन मिलिमीटरचा होतो. ६०० डीपीआयवर त्या बिल्ल्याला जेमतेम साठ-पासष्ट पिक्सेल मिळतात, १२०० वर दुप्पट. त्याहून वर गेलं तर बहुतेक वेळा कागदाचा पोतच मोठा होतो, बिल्ला नाही. तेव्हा १२०० पुरेसं, फाइल टिफ, आणि स्कॅनरची ‘ऑटो सुधारणा’ बंद. नातेवाइकांना पाठवायचा तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो आवळला जातो आणि नेमका बिल्लाच त्यात हरवतो.

एवढी तयारी एक वाक्य पडताळण्यासाठी करायची असते. ‘आमचे आजोबा मिल्ट्रीत होते.’ इंदोऱ्यात, महालात, सदरला, कामठीत हे वाक्य घराघरात ऐकू येतं आणि पुष्कळदा ते खरंही असतं. पण नागपुरात खाकी कपडे म्हणजे फौज, असं धरून चालणं धोक्याचं. कामठीची छावणी १८२१ची. सीताबर्डीच्या किल्ल्यावर टेरिटोरियल आर्मी, वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय, कामठीलाच गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आणि एनसीसी अधिकाऱ्यांची अकादमी. हे झालं फौजेचं. त्याच्या जोडीला रेल्वे, पोलीस, जंगलखातं, होमगार्ड, स्काउट, युद्धकाळातले एआरपी (हवाई हल्ल्यापासून बचाव) वॉर्डन. कॉलेजच्या मुलांचं १९२० पासून युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर, १९४२ मध्ये त्याचंच झालं यूओटीसी (युनिव्हर्सिटी ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर), आणि १९४८ पासून एनसीसी. आणि स्वयंसेवकांची दलं तर या शहराची खास. १९२३च्या झेंडा सत्याग्रहानंतर उभं राहिलेलं सेवा दल, १९२७चं समता सैनिक दल, १९२५ पासूनचा संघ. संघाचा गणवेश सुरुवातीला शर्टासकट खाकी होता. १९३० पासून टोपी काळी झाली, १९४०च्या सुमारास शर्ट पांढरा झाला. म्हणजे १९२५ ते १९४० मधला खाकी शर्ट, खाकी हाफपँट, कमरेला पट्टा आणि रांगेत उभी तरणी पोरं, एवढ्यावरून कोण कुठला ते सांगता येत नाही. हातात रायफल आहे की दंड, हे आधी पाहावं. यातलं कुठलंही उत्तर कमी दर्जाचं नाही. एआरपीचा वॉर्डन किंवा बंगाल-नागपूर रेल्वेचा गार्ड हाही त्या काळाचा साक्षीदारच. त्याला ओढून सुभेदार केलं तर त्याचं खरं आयुष्य पुसलं जातं.

फोटो हातात घेतल्यावर पहिला प्रश्न: तो उलटा तर छापलेला नाही? निगेटिव्ह पालथी ठेवून काढलेले प्रिंट घरोघरी सापडतात. पुरुषांच्या शर्टाचा डावा पदर उजव्यावर येतो. पदकं डाव्या छातीवर असतात. सॅम ब्राउन पट्ट्याची तिरकी पट्टी उजव्या खांद्यावरून जाते. (हा पट्टा आपल्याच उपखंडातला. १८५८च्या लढाईत डावा हात गमावलेल्या सॅम ब्राउन या घोडदळाच्या अधिकाऱ्याने तलवार पेलण्यासाठी तो काढला.) तिन्ही गोष्टी उलट दिसल्या तर फोटो उलटा आहे. फक्त पदकं उजवीकडे आणि बाकी सगळं सरळ असेल तर थांबा. दिवंगत नातेवाइकाची पदकं वारस उजव्या छातीवर लावतात. तो फोटो बापाचा नसून बापाची पदकं लावलेल्या मुलाचा असू शकतो.

दुसरा प्रश्न रंगांचा. कृष्णधवल फोटोत खाकी आणि ऑलिव्ह ग्रीन यांत फरक करणं अवघड असतं, कारण धुतलेला गडद कपडा आणि नवा फिका कपडा सारखेच दिसतात. त्यात जुन्या काचेच्या प्लेटा आणि सुरुवातीच्या फिल्मा लाल रंगाला आंधळ्या होत्या. लाल काळा येई आणि निळा जवळजवळ पांढरा. याची घरातली चाचणी म्हणजे आजीचं कुंकू. त्याच काळातल्या, त्याच स्टुडिओच्या कौटुंबिक फोटोत कुंकू कोळशासारखं काळं असेल तर सैनिकाच्या फोटोतली पदकाची काळी रिबनही लाल असण्याचा संभव आहे. नंतरच्या, सगळे रंग टिपणाऱ्या पँक्रोमॅटिक फिल्मवर कुंकू करड्या रंगाचं येतं.

आता वाचायला सुरुवात करायची ती पायापासून. सगळे टोपीकडे धावतात आणि टोपीवरचा बिल्ला नेमका पुसट असतो. पाय मात्र बहुधा स्वच्छ येतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात पोटरीवर लोकरीची लांब पट्टी गुंडाळत. इंग्रजांनी ‘पट्टी’ हा शब्द आपल्याकडूनच उचलला. पायदळाचा शिपाई ती घोट्यापासून वर गुंडाळत नेतो आणि नाडी गुडघ्याखाली बांधतो. घोड्यावरचा माणूस उलट करतो: गुडघ्याखालून सुरुवात आणि नाडी घोट्यापाशी, म्हणजे घोड्याच्या अंगाला घासून गाठ सुटत नाही. तेव्हा नाडी कुठे दिसते ते भिंगातून पाहा. घोट्यापाशी दिसली तर माणूस रिसाल्याचा, तोफखान्याचा किंवा वाहतुकीच्या जनावरांच्या तुकडीतला असण्याची शक्यता जास्त. घरात ‘पलटणीत होते’ एवढीच आठवण असेल तर ही नाडी त्यात भर घालते. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ही लांब पट्टी मागे पडते. हाफपँटखाली मोजे आणि घोट्याभोवती आखूड पट्टी, किंवा जाड कापडाचे अँकलेट येतात. ब्रह्मदेशच्या आघाडीवर १९४३-४४ पासून खाकीच्या जागी जंगलग्रीन आलं. त्यामुळे एका बाजूने वळवलेली रुंद काठाची हॅट आणि गडद शर्ट दिसला तर मन लगेच ब्रह्मदेशाकडे जातं. तशी हॅट गोरखे नेहमीच घालत, हे मात्र लक्षात ठेवावं.

खांदा हा गणवेशाचा सर्वांत बोलका भाग. खांदेपट्टीच्या टोकाशी पितळी अक्षरं असतात, कमानीसारखी वाकलेली. एखादंच अक्षर वाचता आलं तरी पुष्कळ झालं, कारण नावं बदलली त्या तारखा पक्क्या आहेत. मराठ्यांच्या १०३, १०५, ११० अशा आकड्यांच्या पलटणी १९२२ मध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत आल्या. म्हणजे खांद्यावर ११० हा आकडा असलेला फोटो त्यापूर्वीच्या गणवेशाचा. लष्कराची यंत्रं दुरुस्त करणारी आयईएमई १९४३ मध्ये निघाली, लष्करी वैद्यकीय दल आयएएमसीसुद्धा १९४३चंच. हवाई दलाला ‘रॉयल’ हा किताब मार्च १९४५ ते २६ जानेवारी १९५० एवढाच काळ होता. तेव्हा आरआयएएफ (रॉयल इंडियन एअर फोर्स) ही चार अक्षरं दिसली तर पाच वर्षांची खिडकी मिळते. पोलिसाच्या बिल्ल्यावर राज्याचं नाव वाचता आलं तर नागपूरकरांना आणखी एक घड्याळ मिळतं, कारण हे शहर मध्य प्रांत-वऱ्हाडातून १९५० मध्ये मध्य प्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ला मुंबई राज्यात आणि १ मे १९६०ला महाराष्ट्रात आलं.

खांद्यावरच्या स्टारवरून होणारा घोटाळा सर्वांत जास्त. दोन स्टार म्हणजे लेफ्टनंट, सुभेदार की फौजदार? स्टारखाली पट्टी आहे का, ते पाहायचं. स्वातंत्र्यानंतरच्या फौजेत सुभेदार वर्गाला स्टारखाली लाल-पिवळी-लाल अशी आडवी पट्टी असते. पोलीस सब-इन्स्पेक्टरला लाल-निळी. लेफ्टनंटला पट्टीच नसते. कृष्णधवल फोटोत रंग कळत नाहीत, पण पट्ट्या मोजता येतात: तीन पट्टे तर फौज, दोन तर पोलीस. तीन स्टारवाला कॅप्टन आणि तीन स्टारवाला पोलीस इन्स्पेक्टरही असाच वेगळा करता येतो. स्टारचा आकारही पाहा. इंग्रजी अमदानीतला स्टार चौकोनी, चार टोकांचा. प्रजासत्ताकानंतरचा पाच टोकांचा. बाहीवरच्या फितींचं मात्र सोपं आहे, टोक खाली, एक फीत लान्स नाईक, दोन नाईक, तीन हवालदार. पोलीस हवालदारालाही तीनच, आणि एनसीसीच्या कॅडेटलाही फिती असतात, म्हणून वयाकडे लक्ष द्या.

बटणं आणि बिल्ले यांवर मुकुट असेल तर त्याचा आकार पाहावा. व्हिक्टोरिया राणीच्या काळचा मुकुट वरून मधे खोलगट, दोन्ही बाजू उचललेल्या. १९०२ नंतरचा गोल घुमटासारखा. २६ जानेवारी १९५० पासून मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. इथे एक नियम मनात पक्का करून ठेवावा: नवी खूण दिसली तर फोटो ‘त्याच्या आधीचा नाही’ हे ठामपणे म्हणता येतं. जुनी खूण दिसली म्हणून ‘त्यानंतरचा नाही’ असं म्हणता येत नाही. २७ जानेवारीला सकाळी देशातल्या प्रत्येक कोटाची बटणं बदललेली नव्हती. लोक निवृत्तीनंतरही जुना कोट घालून लग्नाचा फोटो काढत.

हा नियम कसा कामाला येतो ते महार रेजिमेंटच्या बिल्ल्यावर नीट दिसतं, आणि हा बिल्ला नागपूर-कामठीच्या घरांत जितका सापडतो तितका फार थोड्या ठिकाणी सापडत असेल. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली. १९२१ मध्ये ती मोडली. त्यानंतर थेट १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावला रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली आणि १९४२ मध्ये दुसरी, कामठीत. म्हणजे मधली वीस वर्षं महार बटालियन अस्तित्वातच नव्हती. ‘पणजोबा १९३०ला महार पलटणीत होते’ अशी आठवण घरात असेल तर तारीख तरी चुकली आहे किंवा पलटण तरी. पहिला बिल्ला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाचा, वर महार हा शब्द. ऑक्टोबर १९४६ मध्ये रेजिमेंट मशीनगन रेजिमेंट झाली, केंद्र कामठीला आलं, आणि बिल्ल्यावर स्तंभाबरोबर दोन व्हिकर्स मशीनगन एकमेकींना छेदून आल्या. पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. १९६३ मध्ये रेजिमेंट पुन्हा पायदळ झाली तरी मशीनगन बिल्ल्यावर राहिल्याच.

आता तो पावणेतीन मिलिमीटरचा ठिपका भिंगाखाली घ्या. नुसती उभी रेघ आणि खाली पाया दिसतो, तर १९४१ ते १९४६ कडे झुकावं. रेघेभोवती फुलीसारखा आकार असेल तर १९४६ नंतर. उभ्या रेघेचं टोक वर निमुळतं होतं की खाली, यावर स्तंभ की खंजीर हे ठरतं, कारण स्तंभ खाली रुंद असतो. आणि घाई इथेच नडते. फुलीसारखा आकार पुष्कळ बिल्ल्यांत आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बिल्ल्यावर तलवारींची फुली आहे, पण तिथे जोडीला बिगूल असतो. बंदुकीची नळी जाड आणि सरळ, तलवार बारीक आणि किंचित वाकलेली. शंभर पिक्सेलांत एवढं कळतं, साठ पिक्सेलांत कळत नाही. शिवाय या रेजिमेंटमध्ये पुढे इतर समाजांचेही जवान आले, त्यामुळे बिल्ल्यावरून माणसाची जात किंवा घराणं काढायला जाऊ नये. गार्ड्सचं बरंच सोपं आहे. त्यांचा बिल्ला गरुडाचा आणि गार्ड्सची स्थापनाच १९४९ची, त्यामुळे गार्ड्सचा हा गरुड दिसला की इंग्रजी राज्य वगळता येतं. कामठीच्या स्टुडिओचा शिक्का मात्र कशाचाच पुरावा नाही. सुटीवर आलेला कुठल्याही पलटणीचा जवान तिथे फोटो काढून घेई.

छातीवरच्या रिबनी मोजा आणि त्यांच्या पट्ट्यांचा क्रम कागदावर उतरवून काढा. १९३९-४५ स्टारची रिबन तीन सारख्या पट्ट्यांची: गडद निळी, लाल, फिकी निळी. लावताना गडद पट्टी डाव्या खांद्यापासून लांब, म्हणजे छातीच्या मध्याकडे ठेवतात. त्यामुळे हीच रिबन फोटो उलटा आहे का याचीही साक्ष देते. १९४७च्या स्वातंत्र्य पदकाच्या रिबनीतही तीन सारखे पट्टे, पण केशरी, पांढरा, हिरवा. या दोघींत गल्लत होते. पांढरा मधे असेल तर स्वातंत्र्य पदक, सर्वांत फिका काठाला असेल तर युद्धाचा स्टार. समर सेवा स्टार १९६५च्या युद्धाचा, पूर्वी आणि पश्चिमी स्टार १९७१चे, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक १९७२चं. फोटोची तारीख सर्वांत नव्या पदकाच्या आधी नेता येत नाही. प्रत्यक्ष पदक घरात असेल तर फोटोपेक्षा ते मोलाचं. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीयांच्या पदकांवरही बहुधा नाव सापडतं. दिवाळीच्या साफसफाईत चिंचेने किंवा पितांबरीने ही कड घासली की ते नाव जातं. पदक घासू नका, कधीच घासू नका.

बायकांचे फोटोही नीट पाहावेत. १९४२ मध्ये निघालेल्या विमेन्स ऑक्झिलरी कोअरमध्ये खाकी साडीचा गणवेश होता. अल्बममधली खांद्यावर बिल्ला लावलेली, साध्या काठाची साडी नेसलेली तरुणी ‘शाळेतली मास्तरीण’ म्हणून पुढे ढकलली जाते. तिच्या खांद्यावरची अक्षरं कुणी वाचतच नाही.

सर्वांत जास्त फसवतो तो दिवाणखान्यातला मोठा रंगीत फोटो. मूळ लहान कृष्णधवल फोटोवरून एन्लार्जमेंट करायची आणि रंगाऱ्याने हाताने रंग भरायचे, ही पद्धत पुष्कळ वर्षं चालली. रंगाऱ्याने तो माणूस पाहिलेला नसे. त्याने खाकीला हिरवा रंग दिला, रिबनी अंदाजाने रंगवल्या, पुसट बिल्ल्याला सुबक आकार दिला. हल्ली हेच काम एआयची ॲप करतात आणि जास्त सफाईने करतात. चेहरा लख्ख होतो, त्याचबरोबर टोपीवर कधीच नसलेला बिल्ला उगवतो. असा सुधारलेला फोटो भिंतीवर लावा, पण ओळख पटवायला वापरू नका. मूळ लहान फोटो शोधा. तो बहुधा पासबुकाच्या घडीत किंवा देवघराच्या खणात असतो. हाताला प्लास्टिकसारखा लागणारा कागद असेल तर ती १९७० नंतरची नक्कल आहे, आतलं चित्र कितीही जुनं असो.

गट-फोटो असेल तर पुठ्ठ्याची चौकट पाहा. पलटणीचं नाव, ठिकाण, महिना आणि रांगेवार नावं तिथे छापलेली असतात, आणि फ्रेमच्या मापात बसवायला नेमका तोच भाग कापलेला किंवा आत दुमडलेला असतो. खुर्च्यांपुढे जमिनीवर ठेवलेली पाटी, ढाल, हॉकीचा कप, यांवरची अक्षरं वाचा.

त्यानंतर माळ्यावर चढायचं. काळी लोखंडी ट्रंक खाली घ्या आणि झाकण ओल्या फडक्याने हलकेच पुसा. पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि कधी रेल्वे स्टेशनही लिहिलेलं असतं. आयसीने सुरू होणारा नंबर अधिकाऱ्याचा, जेसीने सुरू होणारा सुभेदार वर्गाचा. जुन्या पत्रांवर ‘मार्फत ५६ एपीओ’ असेल तर ते गाव शोधू नका, तो लष्करी टपालाचा पत्ता आहे. डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनचा कागद मिळाला तर नंबर आणि हुद्दा लिहून रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र पाठवता येतं: महार रेजिमेंटसाठी सागर, मराठ्यांसाठी बेळगाव, गार्ड्ससाठी कामठी. पत्रात आपलं नातं, जवानाचं मूळ गाव आणि भरतीचं अंदाजे वर्ष लिहावं. नंबराशिवाय पाठवलेल्या पत्राला उत्तर येणं कठीण, कारण एकाच नावाचे जवान एका पलटणीत अनेक असतात. वाट सापडत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावं.

शेवटी फोटोच्या पाठीवर लिहायचं. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढे चेहऱ्यावर उमटतो आणि शाई झिरपते. मऊ पेन्सिल, काठालगत, फोटो काचेवर पालथा ठेवून. प्लास्टिकच्या कागदावर पेन्सिल उमटत नाही, तिथे पाकिटावर लिहून फोटो त्यात ठेवावा. जे दिसलं ते एका ओळीत, जे ऐकलं ते दुसऱ्या ओळीत, आणि दोन्ही मिसळू नयेत. उदाहरणार्थ असं: ‘डावीकडून तिसरे, आजोबा. बिल्ल्यावर दोन मशीनगन आणि स्तंभ, म्हणून १९४६ नंतर. बटणावर मुकुट. बाहीवर दोन फिती. खांद्याची अक्षरं वाचता आली नाहीत. आत्याचं म्हणणं, फोटो कामठीचा, त्यांच्या लग्नाच्या आदल्या वर्षीचा.’